आजाऱ्यांचा ग्लास

रेमेईच्या दुकानात वाइनचा ग्लास एकच होता, आणि तो आजाऱ्यांसाठी होता. कॉफीचे पेले होते, व्हर्मुथ नावाच्या कडसर दारूचे होते, पण सकाळच्या खाण्याबरोबरची वाइन पोर्रोतूनच प्यायची. पोर्रो म्हणजे काचेची झारी. गळा धरायचा, हात वर न्यायचा, आणि तोटीतली बारीक धार थेट तोंडात घ्यायची. तोटीला ओठ लावायचा नाही. चार माणसांत एक पोर्रो फिरतो आणि कुणाचं उष्टं कुणाला लागत नाही. ज्याला धार जमत नाही तो शर्टावर सांडतो, बाकीचे हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. आमच्या सान्त्स वस्तीत पोरं अशीच मोठी होतात.

मी तेक्ला. बाजारात माझा खाऱ्या कॉडचा गाळा आहे. मिठातला मासा पाण्यात घालायचा, पाणी बदलत राहायचं, तिसऱ्या दिवशी विकायचा, हे मी एकेचाळीस वर्षं करते आहे. रेमेईचा मासा माझ्याकडून जायचा आणि एकेका तुकड्यावरून ती माझ्याशी भांडायची. तिच्या नावाचा अर्थ औषध. बापाने बारशालाच ओळखलं असणार, कारण पोरगी कडूच निघाली.

बाप वाइन आणि कोळसा विकायचा. तेव्हा हुकूमशहाचं राज्य होतं, आमची भाषा पाटीवर लिहायची सोय नव्हती, आणि परक्यासमोर मोठ्याने बोलायचीही नव्हती. रेमेई पंधरा-सोळा वर्षांची असताना एक गणवेशातला माणूस दुकानात आला. तिने आपल्या भाषेत काय हवं विचारलं, तर तो म्हणाला, माणसाच्या भाषेत बोल. बापाने मागून तिचा हात दाबला आणि तोंड बंद ठेव म्हणून सांगितलं. पोरीने ते शब्दशः घेतलं. तो माणूस पुढे सहा वर्षं येत होता. त्या सहा वर्षांत तिने त्याच्याशी एक अक्षर काढलं नाही, कुठल्याच भाषेत. तो नमस्कार करायचा, ही पोर्रो पुढे सरकवायची. शेवटी तोच खुणा करायला लागला. बाप घाबरायचा. आई स्वयंपाकघरात तोंडाला फडकं लावून हसायची.

आता त्या ग्लासाचं. समोरच्या बोळात गास्पार नावाचा कोळसेवाला होता. म्हातारपणी त्याचे हात थरथरायला लागले. पोर्रो उचलला की धार कधी कपाळावर, कधी शेजाऱ्याच्या ताटात. बापामागे दुकान रेमेईकडे आलं होतं. तिने एक दिवस कपाटातून तो जुना जाड ग्लास काढला, पुसला, वाइन भरून त्याच्यापुढे ठेवला. गास्पारने ग्लासाकडे बघितलं, वाइन पुन्हा पोर्रोत ओतली, अर्धी सांडली, आणि ग्लास टेबलावर उपडा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून रेमेई त्याच्या खुर्चीमागे उभी राहायची, एका हाताने त्याची हनुवटी धरायची, दुसऱ्याने वरून धार सोडायची. हे दोन वर्षं चाललं. दुकान भरलेलं असो की रिकामं, नऊ वाजता ती चूल सोडून बाहेर यायची. गास्पार गेला त्या आठवड्यातही तिने त्याला असंच पाजलं. तो ग्लास पहिल्याच दिवशी पुन्हा कपाटात गेला होता. त्याला आम्ही आजाऱ्यांचा ग्लास म्हणायचो, पण आजारी माणूसही तो मागायला धजावत नसे.

सकाळच्या खाण्याला आमच्याकडे काट्याचा नाश्ता म्हणतात, कारण तो बोटांनी उचलून उभ्या-उभ्या संपत नाही, काटा घेऊन बसावं लागतं. रेमेईचा नाश्ता आठला सुरू. वासराच्या डोक्या-पायांचा ओठ चिकटवणारा रस्सा, पांढऱ्या घेवड्याबरोबर माझा कॉड, निखाऱ्यावरचं जाड सॉसेज. शेजारी भाजलेल्या पावाचा काप आणि एक अख्खा टोमॅटो. टोमॅटो ज्याचा त्याने कापायचा, हातात नुसतं साल उरेपर्यंत पावावर चोळायचा, वर तेल आणि मीठ. तेल आधी की मीठ आधी, यावरून त्या दुकानात एक ठरलेलं लग्न मोडलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पोरीकडचे तेलवाले होते आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं.

रेमेईला मूल नाही. नवरा इसिद्र ट्रामच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. भावाचा मुलगा बेर्नात हाच तिचा. चांगला चौतिशीतला माणूस, शाळेत इतिहास शिकवायचा. ते सोडून त्याने परदेशी पाहुण्यांना शहरात हिंडवून खायला घालायचा धंदा काढला. पाहुण्यांना आमचं खाणंपिणं दाखवतो म्हणायचा. मी त्याला म्हटलं, बाबा रे, शेवटी इतिहासच शिकवतोस, फक्त आता पोरं जेवून ऐकतात.

पहिल्या दिवशी तो सात जण घेऊन आला. त्यांना फळं घातलेली गोड वाइन, म्हणजे सांग्रिया हवी होती, पाएयाचा भात हवा होता, आणि प्रत्येकाला वेगळा ग्लास हवा होता. बेर्नात स्वयंपाकघरात आला आणि हळू आवाजात आत्याची विनवणी करायला लागला. मी तिथेच मासा उतरवत होते.

"आत्या, निदान ग्लास तरी दे."

"आजारी आहेत का सगळे?"

"नाहीत गं."

"मग नाही."

सांग्रिया म्हणजे फळं घालून झाकलेलं पाप, असं तिचं मत होतं. भाताबद्दल तिने त्याला कॅलेंडर दाखवलं. भात गुरुवारी, दुपारी. आज मंगळवार, सकाळचे नऊ. बेर्नात म्हणाला, हे लोक रुसून निघून जातील. मग ती स्वतः हात पुसत बाहेर गेली. टेबलाच्या डोक्याशी उभी राहिली, पोर्रो उचलला, हात पूर्ण ताणला आणि त्या वयाच्या बाईने गळ्याची शीरही न हलवता लांब धार प्यायली. एक थेंब सांडला नाही. मग पोर्रो पहिल्या पाहुण्याच्या हातात दिला. अर्ध्या तासात सातही जण छातीवर भिजले होते आणि कुणाला सांग्रियाची आठवण नव्हती. त्यांच्यात कोरियाहून आलेली एक निवृत्त नर्स होती, ओकसुन नावाची. तिचा पांढरा ब्लाउज पार खराब झाला. रेमेईने बेर्नातला सांगितलं, तिला म्हणावं उद्या काळं घालून ये. ती खरंच दुसऱ्या दिवशी काळं घालून एकटी आली. परत जायच्या दिवसापर्यंत रोज येत होती, आणि शेवटी तिची धार आमच्या फेर्मीपेक्षा सरळ पडायची. फेर्मी गिलावा करणारा आहे, पन्नास वर्षांपासून पितो आहे. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

असं बरं चाललं होतं, आणि मग ती इमारत विकली गेली. नव्या मालकाची कुठलीशी कंपनी होती, आणि तिचा माणूस म्हणून क्लाउदी आला. कोट घातलेला, गोड बोलणारा. रेमेईचा भाडेकरार सान झुआनच्या सणाला, चोवीस जूनला संपणार होता. क्लाउदीने आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, मग जुन्या टाइल्सचं कौतुक केलं, मग आपण याच गल्लीतले, गास्पार कोळसेवाल्याचे नातू, हे सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार. शेवटी रेमेईनेच विचारलं, काय हवंय ते बोल.

बेत असा होता. दुकान कंपनी चालवणार. पाटी तीच, 'रेमेईचं घर'. रेमेईने एप्रन बांधून कोपऱ्यात बसायचं आणि पावाला टोमॅटो चोळायचे. लोक फोटो काढतील. रस्सा, मासा, भात, सगळं बाहेरून तयार येईल. सांग्रिया असणारच. तिला पगार मिळेल, मागची खोली राहायला राहील. सही केली नाही, तर सान झुआनला जागा रिकामी करायची.

"म्हणजे मी मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो," रेमेई म्हणाली, "तो तुम्ही मी जिवंत असतानाच लावणार."

क्लाउदी हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मी तुम्हांला खरं सांगते, तिने लगेच नकार दिला नाही. त्या आठवड्यात रश्शात दोनदा मीठ जास्त पडलं, यावरून मला कळलं की ती घाबरली आहे. ती त्या दुकानामागच्या खोलीत जन्मली होती. गुडघे गेले होते. माझ्या गाळ्यावर येऊन ती माशाचे तुकडे नुसते खालीवर करत राहिली आणि म्हणाली, तेक्ला, कदाचित सही करीन. गास्पारचा नातू आहे, काहीतरी उतरलं असेल त्याच्यात. मी म्हटलं, करू नकोस. ती म्हणाली, तुला काय जातंय सांगायला, तुझा गाळा कुणी विकत घेतलाय? मला राग आला. पण ती बोलली ते खोटं नव्हतं.

तिने क्लाउदीला निरोप पाठवला की सहीच्या आधी एकदा नाश्त्याला ये.

तो मंगळवारी आला. बेर्नातची पाच पाहुण्यांची टोळी त्याच दिवशी होती, आणि आम्ही नेहमीचे होतोच. रेमेईने सगळ्यांना एकाच लांब टेबलावर बसवलं, क्लाउदीला मध्ये, फेर्मीच्या शेजारी. खाणं आलं. क्लाउदी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत फडाफडा बोलत होता आणि बेर्नात खाली मान घालून पाव चोळत होता. क्लाउदी आपल्या आजोबांचं सांगायला लागला. आजोबा रोज सकाळी इथे यायचे. त्यांचा स्वतःचा खास ग्लास होता, अजूनही कपाटात ठेवला आहे. आपण तो नव्या दुकानात काचेच्या पेटीत मांडणार आहोत. पाहुणे कौतुकाने माना हलवत होते. बेर्नातने ते आम्हांला आमच्या भाषेत सांगितलं, तेव्हा टेबलाच्या आमच्या बाजूला कुणीच मान हलवली नाही. मी रेमेईकडे बघितलं. ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

पोर्रो फिरायला लागला. पाहुण्यांत एक डॅनिश नवरा-बायको होते. नवऱ्याने अर्धा कानात घातला, बायकोने बरा घेतला. मग पोर्रो क्लाउदीकडे आला. त्याने कोटाकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, पोर्रो उचलला, तोटी सरळ ओठांत धरली आणि बाटलीसारखा प्यायला. मग रुमालाने ओठ टिपून पोर्रो फेर्मीपुढे धरला.

फेर्मीने हात मांडीवर ठेवले. ते वर आणलेच नाहीत.

परक्याने असं केलं असतं तर आम्ही हसलो असतो, परत शिकवलं असतं. शुक्राचार्य झारीच्या तोटीत बसला होता, आमचा तर तोटीला ओठ लावून बसला. आणि तोंडाने वर सांगत होता की मी याच गल्लीतला. डॅनिश बाईला कळलं की काहीतरी चुकलं आहे. तिने काटा खाली ठेवला. क्लाउदी पोर्रो तसाच हवेत धरून बसला होता.

रेमेई आली. तिने त्याच्या हातातून पोर्रो घेतला, वाइन मोरीत ओतली, कढत पाणी आणि सोडा घालून तो दोनदा धुतला आणि उपडा ठेवला. आम्हांला सगळ्यांना पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मग दुसरा पोर्रो भरून तिने फेर्मीच्या हातात दिला, आणि क्लाउदीला म्हणाली, "सही नाही."

"रेमेईबाई, एवढ्याशा कारणावरून?"

"एवढंसं असतं तर तुला जमलं असतं."

"हे बघा, तुमच्या चांगल्यासाठी सांगतो. सान झुआननंतर तुम्ही जाणार कुठे?"

"ते माझं मी बघीन. खाऊन घे, गार होतंय. पाणी देते."

त्याने खाल्लं नाही. कोट घेऊन गेला.

तिला कुठे जायचं हे त्या दिवशी तिला माहीत नव्हतं, आणि आम्हांलाही नव्हतं. बेर्नात आत्याला म्हणाला की माझं चुकलं, मीच बाहेरचे लोक आणून दुकान कंपनीच्या डोळ्यावर आणलं. तिने त्याला तिथेच झापलं. बाहेरच्यांनी माझं काय वाकडं केलं? ती कोरियाची बाई आठ दिवसांत शिकली. इथे जन्मलेल्याला चाळीस वर्षांत शिकावंसं वाटलं नाही, त्याला मी काय करू.

माझ्या शेजारच्या गाळ्यावर ऑलिव्ह विकणारी एन्ग्रासिया त्या उन्हाळ्यात निवृत्त होत होती. मी तिच्या मागे लागले, मग बाजार समितीच्या मागे लागले. मी मागे लागले की लोक कंटाळून हो म्हणतात, हा माझा एकमेव गुण आहे. रेमेईला एन्ग्रासियाच्या जागी तीन हात लांबीचा कट्टा आणि दोन शेगड्या मिळाल्या. टेबल नाही, उंच स्टुलं मांडायची.

सान झुआनच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जुनं लाकूडसामान गल्लीत जाळतात. पोरं सकाळपासून खुर्च्या मागत दारोदार फिरत होती. रेमेईने एक पाटसुद्धा दिला नाही. पोर्रो भिंतीवरून उतरवून तिने कागदात गुंडाळले. मग शिडी मागितली. मी म्हटलं, बेर्नात चढेल, तुझे गुडघे बघ. ती म्हणाली, तू शिडी धर. सहासष्टाव्या वर्षी ती वर चढली आणि स्क्रूड्रायव्हरने पाटीचे चारही स्क्रू स्वतः काढले. एक गंजलेला होता, त्याला वीस मिनिटं लागली. खाली क्लाउदी किल्ल्या घ्यायला आला होता. तो म्हणाला की पाटी दर्शनी भागाची आहे, म्हणजे इमारतीची आहे. ती वरूनच म्हणाली, "नाव माझं आहे. भिंत ठेव तुझी."

बाजारात ती पाटी तिने कट्ट्यामागे जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यावर उभी राहायला लागली, कारण कट्टा उंच आणि ती बुटकी. मला ते बघवेना. म्हटलं, अगं, स्वतःच्या नावावर काय पाय देतेस?

"माझ्या नावावर मी उभी राहणार नाही, तर कोण राहील?"

मी माझ्या माशाचं पाणी बदलायला गेले.

जुन्या जागी पाएयाचे रंगीत फोटो लागले. चालतं म्हणतात. मी त्या फुटपाथवरून जात नाही, पलीकडून जाते, बाजाराला दोन मिनिटं उशीर झाला तरी. बेर्नात आता पाहुण्यांना थेट बाजारात आणतो. स्टुलावर बसून पोर्रो पिणं अवघड, त्यामुळे माझ्या कॉडवर अधूनमधून वाइन पडते. मी शिव्या देते आणि मासा पुसून घेते.

ऑक्टोबरात एका सकाळी क्लाउदी आला. एकटाच, कोट हातावर. पाहुणे दुकानात येऊन विचारतात म्हणे, ती म्हातारी कुठे आहे, आम्ही तिचं ऐकून आलो. पाटीवर तिचं नाव वापरायची परवानगी हवी होती, फक्त नाव. बसायचीसुद्धा गरज नाही. पण हे त्याने नंतर सांगितलं. आधी तो स्टुलावर बसला आणि काट्याचा नाश्ता मागितला. चेहरा उतरला होता. भूक लागलेली दिसत होती, आणि रेमेई भुकेल्याला नाही म्हणत नाही.

तिने रस्सा वाढला. पाव दिला, टोमॅटो दिला. शेजारच्या स्टुलावर फेर्मी होता, त्याच्यापलीकडे दोन पाहुण्या बायका पोर्रोशी झटत होत्या. रेमेई खाली वाकली, फळीच्या मागून कागदाची गुंडाळी काढली, आणि तिच्यातला तो जाड ग्लास बाहेर काढून, पुसून, वाइन भरून क्लाउदीपुढे ठेवला.

फेर्मीचा घास थांबला. मी सुरी खाली ठेवली.

क्लाउदीने ग्लास ओळखला. म्हणाला, "हा आजोबांचा ना?"

"त्यांच्यापुढे ठेवला होता मी एकदा," रेमेई म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. अशी ती फक्त त्या गणवेशवाल्यासमोर उभी राहायची, असं मी ऐकलं होतं.

त्याने ग्लास उचलला, उजेडाकडे धरून बघितला, आणि प्यायला. सगळा. मग तोंड पुसून त्याने नावाचं काढलं. रेमेईने नाही म्हटलं, पावाचा आणखी एक काप वाढला, आणि तो खाऊन निघून जाईपर्यंत दुसरं काही बोलली नाही.

तो गेल्यावर ती नळाखाली ग्लास धुवायला लागली. मला म्हणाली, "तेक्ला, त्याने तो नुसता उपडा ठेवला असता ना, तर मी त्याच्या मागे उभी राहून माझ्या हाताने पाजलं असतं."